वाचक विचारतात : मिशनवरचा आठवडा

प्रश्न : माझ्या बहिणीचं कुटुंब लेटर-डे सेंट्स चर्चमध्ये आहे, आम्ही नाही. एकोणीस वर्षांचा भाचा आता दोन वर्षांसाठी मिशनवर चालला आहे. तो तिथे दिवसभर काय करणार? आमच्याशी बोलू देतील का? सोबत काय द्यावं?
– एक मावशी, कोलशेत रोड, ठाणे

उत्तर : मिशन म्हणजे घर सोडून ठरवून दिलेल्या ठिकाणी राहायचं आणि लोकांना भेटून धर्मप्रसार करायचा. मुलांचं मिशन २४ महिन्यांचं असतं, मुलींचं १८ महिन्यांचं. पगार नसतो, उलट दरमहा ठरलेली रक्कम आपणच भरायची असते. अमेरिकेतल्या तरुणांसाठी जुलै २०२० पासून ती ४०० डॉलर आहे. आपल्याकडचा आकडा वेगळा, तो भाच्याच्या शाखाध्यक्षांकडून, म्हणजे त्यांच्या स्थानिक मंडळीच्या प्रमुखांकडून, लेखी घ्या. घरची ऐपत नसेल तर हातभार लागतो, तेही त्यांनाच विचारा.

सकाळी साडेसहाला उठायचं, अर्धा तास व्यायाम, आंघोळ, नाश्ता, मग शास्त्रवाचन, आधी एकट्याने आणि नंतर जोडीदाराबरोबर. दहाच्या सुमारास बाहेर पडायचं, रात्री नऊ-साडेनऊला परत यायचं, साडेदहाला दिवे बंद. गावागावाप्रमाणे वेळा थोड्या इकडेतिकडे होतात. चालण्याने पाय दुखतात, पण माणूस खरा दमतो तो ठरलेल्या भेटी ऐनवेळी रद्द झाल्याने. दोन बस बदलून जावं आणि दाराला कुलूप दिसावं, असं एका दिवसात तीनदा होऊ शकतं. फोनवर तो गप्प वाटला तर आधी हे कारण धरा.

मोकळा दिवस आठवड्यातून एक, बहुधा सोमवार. त्याला ही मुलं ‘पी-डे’ म्हणतात, तयारीचा दिवस. तोही संध्याकाळी सहापर्यंतच. कपडे, बाजार, केस कापणं, खोली झाडणं आणि घरी पत्र, सगळं त्यातच. रविवारी खरेदी टाळायची असल्याने आठवड्याचं वाणसामानही सोमवारीच भरतात. पूर्वी घरी फोन वर्षातून दोनदाच करता यायचा. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला याच दिवशी फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो. तेव्हा सोमवारी त्याच्या वेळेला तुम्ही मोकळ्या राहा. कॉलवर पाच जणांनी एकदम बोलू नका, त्याचं अर्धं बोलणं तसंच राहून जातं.

आता सामान. पांढरे शर्ट सहा पुरतील असं वाटतं, पण पावसाळ्यात आठ लागतात. निव्वळ सुती घेऊ नका, मिश्र कापड पंख्याखाली रात्रीतून वाळतं. कॉलरची मळरेघ ही या मुलांची कायमची डोकेदुखी. कॉलर ओली करून साबणाची वडी घासायची, वीस मिनिटं तशीच ठेवायची आणि मऊ ब्रशने उभं-आडवं घासायचं. घामाच्या डागावर ब्लीच ओतलं तर डाग आणखी पिवळा पडतो, हे त्याला करून दाखवा. नुसतं सांगून ही मुलं ऐकत नाहीत. खिशावरचा नावाचा काळा बिल्ला धुण्याआधी काढायला विसरू नये. बुटांचे दोन जोड द्या, आलटून-पालटून घालायला. भिजलेल्या जोडात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे. लाडू-चिवडा जरूर द्या. चहा-कॉफी त्यांच्यात वर्ज्य आहे, ती पुडी घालू नका.

जोडीदार म्हणजे ‘कंपॅनियन’ दिवसभर नजरेच्या टप्प्यात हवा, असा नियम आहे. दर सहा आठवड्यांनी ‘ट्रान्सफर’ ठरते, म्हणजे जोडीदार किंवा गाव बदलू शकतं. भांडणं होतात ती धर्मावरून नाही, खरकट्या भांड्यांवरून आणि गजरावरून. आठवड्याचं नियोजन करताना दोघांनी एकमेकांना काय खुपतं ते बोलून टाकायची पद्धत आहे. ती बैठक टाळली की पुढचे पंधरा दिवस खोलीत अबोला.

प्रश्न : मी अठरा वर्षांचा आहे. शाखेत भेटेल तो विचारतो, ‘कधी निघतोस?’ आईबाबांचीही फार इच्छा आहे. मला मनापासून जायचंय का, तेच कळत नाही. असं जाणं लबाडी होईल का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : लबाडी नाही. पण मनातलं लपवून गेलास तर जड जाईल. अर्जाआधी मुलाखती होतात, तिथे हेच वाक्य जसंच्या तसं सांग. घाईही नाही, मुलांना २५ वर्षांपर्यंत जाता येतं. आधी डिप्लोमा पुरा करायचा असेल तर कर.

तुमच्याच चर्चचे डॅलिन ओक्स यांनी ऑक्टोबर १९८४ च्या अधिवेशनात सेवेमागच्या कारणांची चढती शिडी मांडली होती : लौकिक फायदा किंवा मान, चांगली सोबत, शिक्षेची भीती, कर्तव्य, परलोकातल्या फळाची आशा आणि सगळ्यात वर निखळ प्रेम. भीतीपोटी किंवा कर्तव्यापोटी केलेली सेवा त्यांनी फुकट ठरवली नाही. आईबाबांसाठी निघणारा मुलगा या शिडीबाहेर नाही, तो चौथ्या पायरीच्या आसपास उभा आहे.

पुढे काय होतं ते सांगतो. पहिले बारा आठवडे शिकवणारा जोडीदार सोबत असतो, तेव्हा मनात एवढंच असतं की फजिती होऊ नये. मग आकड्यांचं वेड लागतं. किती नवी माणसं भेटली, रविवारी चर्चला किती आली, बाप्तिस्म्याची तारीख कुणाची ठरली, हे दर आठवड्याला कळवायचं असतं. आकडा स्वतःत वाईट नाही. पण समोरच्या माणसाला आपण मोजले गेल्याचं लगेच कळतं आणि दार बंद होतं. यावर उपाय नियोजनाच्या वहीत आहे. प्रत्येक नावापुढे ‘कुठल्या टप्प्यावर’ असं लिहायच्या आधी ‘या आठवड्यात याला काय हवंय’ ते लिही. कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाच्या आईचं डायलिसिस. चार आठवडे हे केलंस की तू आईबाबांसाठी नाही, त्या माणसासाठी जिना चढायला लागतोस.

ही चढण सरळ नसते. ट्रान्सफर झाली, नवं गाव आलं, की पुन्हा तळाची पायरी. ती घसरण म्हणजे श्रद्धा गेली असं समजू नकोस. झोप उडाली, जेवण जाईना, रडू थांबेना, तर मात्र ते श्रद्धेचं नाही, प्रकृतीचं काम आहे. मिशन अध्यक्षांना दर आठवड्याला जे पत्र जातं त्यात स्पष्ट लिही. लवकर परतावं लागलं तरी त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. हे तुझ्या आईबाबांनी आजच वाचावं.

प्रश्न : आमच्या सोसायटीत अशी दोन मुलं भाड्याने आली आहेत. चहा नाकारतात, घरात यायला कचरतात. आमचं काही चुकतंय का?
– सचिव, एक सोसायटी, नेरूळ

उत्तर : काही नाही. कोकम सरबत द्या, ताक द्या, आवडीने घेतील. घरात बाई एकट्या असतील तर ते आत येत नाहीत, तो नियम आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचा उपास असतो, पाणीसुद्धा नाही, त्या दिवशी जेवायला बोलावू नका. भाडेकरार आणि पोलीस पडताळणी इतर भाडेकरूंसारखीच. परदेशी असतील तर त्यांची नोंद घरमालकाने वेगळी करायची. आठवड्यातले काही तास ते सेवाकामासाठी राखतात. गच्चीवरच्या कुंड्या हलवायच्या असतील तर सोमवार-रविवार सोडून कुठल्याही दिवशी विचारून पाहा.