पेंडलला जायचं तर आधी हात सांभाळा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: सातारा हिल मॅरेथॉन दोनदा धावलात, यंदा लीड्सला आलात, नव्या क्लबातली मंडळी नोव्हेंबरात लँकशरमधल्या पेंडल डोंगरावरच्या 'टूर ऑफ पेंडल' शर्यतीला चला म्हणताहेत. चढाची सवय आहेच, मग जायला हरकत काय? शिवाय बायकोलाही धावायचंय, तर या शर्यतींत बायका असतात का?

मी मूळची वाईची. गेली अकरा वर्षं वेस्ट यॉर्कशरमधल्या एका छोट्या क्लबाकडून हिवाळ्यातल्या फेल, म्हणजे डोंगरावरच्या, शर्यती धावते, बहुतेक वेळा मधल्या नाहीतर मागच्या घोळक्यात. माझं उत्तर असं की पेंडलला जरूर जा, पण या नोव्हेंबरात नको, पुढच्या.

अडचण चढाची नाही. यवतेश्वरचा घाट धावत चढलेल्या माणसाला इथल्या चढाचं भय वाटायचं कारण नाही. पण साताऱ्यात पायाखाली डांबर असतं आणि वाट चुकायचा प्रश्न येत नाही. 'फेल' हा उत्तर इंग्लंडमध्ये जुन्या नॉर्स भाषेतून आलेला शब्द. अर्थ उघडा डोंगर. माथ्यावर झाड नाही, आडोसा नाही, वाटही बऱ्याचदा नाही. पेंडलची उंची अवघी 557 मीटर, म्हणजे आपलं वाई गावच त्याहून उंचावर वसलंय. पण या शर्यतीत त्याच डोंगराच्या कुशीतून पुन्हापुन्हा खाली उतरवतात आणि पुन्हा वर चढवतात. सुमारे 27 किलोमीटरमध्ये जवळजवळ 1,500 मीटर चढ होतो. फेल रनर्स असोसिएशन या धावपटूंच्या संघटनेच्या वर्गवारीत ही 'एएल' शर्यत: 'ए' म्हणजे किलोमीटरमागे सरासरी किमान 50 मीटर चढ आणि 'एल' म्हणजे 20 किलोमीटरहून जास्त अंतर. अर्ज भरण्याआधी ही दोन अक्षरं बघायची सवय लावून घ्या.

आता माझी पहिली पेंडल सांगते, कारण मीही तुमच्याच हिशेबाने गेले होते. बार्ली गावात सुरुवातीला कोवळं ऊन होतं. जॅकेट पाठीवरच्या पिशवीत होतं. अर्धी शर्यत छान गेली. मग माथ्यावर वाऱ्याबरोबर पाणी आणि बर्फाचा आडवा मारा सुरू झाला. मनात म्हटलं, पुढच्या चेकपॉइंटला थांबून घालू, आत्ता कशाला वेळ घालवायचा. पंधरा मिनिटांनी थांबले तेव्हा बोटं लाकडासारखी झाली होती. पिशवीची चेन दिसत होती, पण चिमटीत धरता येईना. दातांनी ओढून पाहिली. मागून साठीच्या पुढची एक बाई आली. माझ्या क्लबाची नव्हती, ओळखीचीही नव्हती. ती थांबली, चेन उघडली, मला जॅकेट चढवलं, टोपी कानांवर ओढली, स्वतःचा हातमोज्यांचा जादा जोड माझ्या हातांत घातला आणि चेकपॉइंटपर्यंत माझ्याबरोबर चालत आली. तिची त्या वर्षीची वेळ माझ्यामुळे गेली. मी तिथेच नंबर सांगून शर्यत सोडली.

त्या दिवशी काय झालं ते मी नंतर नीट समजून घेतलं. अंग गार पडायला लागलं की शरीर हातापायांचं रक्त आत ओढून घेतं, काळीज आणि फुप्फुसं जपायला. म्हणून आधी बोटं जातात, नंतर बोलणं अडखळतं आणि शेवटी निर्णय चुकायला लागतात. तोवर माणसाला वाटत असतं, मी ठीक आहे. उंचीबरोबर दर 100 मीटरला साधारण अर्धा-पाऊण अंश गारठा वाढतो, पण खरा घात करतात तो वारा आणि ओले कपडे. धावताना अंगात जी ऊब तयार होते तिच्यावर आपण तगून असतो. दमून चालायला लागलो की ती ऊब निम्म्याने कमी होते, वारा मात्र तेवढाच राहतो. म्हणून शेवटचा तिसरा हिस्सा सगळ्यात धोक्याचा. जॅकेट थंडी वाजल्यावर घालायचं नसतं. माथ्यावर पोचायच्या आधी, अजून घाम येतोय तोवर घालायचं. एवढं एक जरी माझं ऐकलंत तरी पुरे.

सक्तीचं सामान तुम्हाला ओझं वाटेल: शिवणी पक्क्या बंद केलेलं टोपीचं जॅकेट, वरून घालायची तशीच पँट, टोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिट्टी, जादा खाणं. वायव्य इंग्लंडमधल्या डोंगराळ लेक डिस्ट्रिक्टमध्ये 2012 साली एका शर्यतीत एक धावपटू गारठून मरण पावला, तोही एप्रिलमध्ये. त्यानंतर सुरक्षेचे नियम आणखी कडक झाले. तेव्हा सामान तपासणाऱ्या माणसावर चिडू नका. त्यात माझी भर अशी: बोटं सुटी असलेल्या मोज्यांपेक्षा चारही बोटं एकत्र राहतात असे मोजे घ्या आणि जाड घ्या. प्रत्येक चेनला दोरीचा मोठा फासा बांधा, म्हणजे बधिर हातानेही ओढता येईल. बाजारातल्या एनर्जी बारचा थंडीत दगड होतो, वेष्टनही फाटत नाही. मी गुळाच्या पोळीचे तुकडे उघड्या पिशवीत, कमरेशी ठेवते. सुती बनियन अजिबात नको, ओला झाला की अंगाची सगळी ऊब ओढून घेतो.

नकाशाचं म्हणाल तर पुढच्या माणसाच्या पाठीमागे धावणं ही वाट शोधायची रीत नव्हे. एका जानेवारीत दाट धुक्यात आम्ही सात-आठ जण एकमेकांच्या मागे चुकीच्या कुंपणाला धरून दोन किलोमीटर गेलो. प्रत्येकाला वाटत होतं, पुढच्याला माहीत आहे. शर्यतीआधी एखाद्या रविवारी अर्धा तरी मार्ग चालून या.

एका बाबतीत तुम्ही इथल्या कित्येकांच्या पुढे असाल. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या निसरड्या वाटा उतरला असाल तर उतार तुमचा आहे. पावलं छोटी आणि भराभर, गुडघे सैल, नजर चार पावलं पुढे, आणि मागे रेलायचं नाही, रेललात की घसरलात. पेंडलवर 'जेरोनिमो' नावाचा एक उतार आहे, तिथे मला पांडवगडाची आठवण येते. नवं शिकायचं ते पीटचं. हजारो वर्षं अर्धवट कुजत साचलेल्या शेवाळ-गवताची ती काळी, स्पंजासारखी जमीन. चमकदार हिरवं, मऊ दिसतं तिथे पाऊल टाकू नका, मांडीपर्यंत आत जाल. तपकिरी हेदरची झुडपं असतील तिथे जमीन त्यामानाने घट्ट.

आणि शर्यत सोडली तर शर्यत संपते तिथल्या टेबलाशी जाऊन स्वतःचा नंबर सांगितल्याशिवाय गाडीत बसायचं नाही. तुम्ही घरी चहा पीत असाल आणि बचाव पथकाची स्वयंसेवक माणसं अंधारात तुम्हाला शोधत फिरतील. नोव्हेंबरच्या मध्याला इथे चारच्या सुमारास सूर्य मावळतो.

वहिनींना नक्की आणा. बायका भरपूर असतात, दर वयोगटाची वेगळी बक्षिसंही असतात. ब्रिटिश धावपटू जॅस्मिन पॅरिस अशा क्लबातल्या फेल शर्यतींतूनच आली. जानेवारी 2019 मध्ये तिने पेनाइन वे या लांबलचक डोंगरी पायवाटेवरची 268 मैलांची स्पाइन रेस 83 तास 12 मिनिटांत पुरी केली, सगळ्या पुरुषांच्याही आधी. तेव्हा तिची मुलगी अंगावर पीत होती. वाटेतल्या थांब्यांवर ती दूध काढून ठेवत होती.

सुरुवात 31 डिसेंबरला वेस्ट यॉर्कशरमधल्या हॉवर्थ गावच्या 'ऑल्ड लँग साइन' शर्यतीने करा. दहा किलोमीटरच्या आसपासची आहे, बरेच जण सोंगं घेऊन धावतात, पण माळ खराच आहे आणि वाराही खराच असतो. जागा भरायच्या आत दोघांची नावं द्या. मी तिथे असेन, हातमोज्यांचे दोन जादा जोड घेऊन.