बडोद्यात आमचं भाकरवडीचं दुकान आहे. ग्राहकाने इन्स्टाग्रामवर टाकलेला फोटो आमच्या पेजवर वापरता येईल का?

येईल, पण आधी त्याची लेखी परवानगी घ्या. नुसतं टॅग करून भागत नाही. भाकरवडी तुमची असली तरी १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा हक्क सहसा तो काढणाऱ्याचाच. कुणी स्टोरीत तुम्हाला मेन्शन केलं आणि तुम्ही ती तिथूनच आपल्या स्टोरीत घेतली, तर सहसा कुणी हरकत घेत नाही. स्क्रीनशॉट काढून, कडा कापून, वर आपला लोगो चिकटवला की भांडण सुरू होतं, आणि ग्राहकाचा राग रास्तच असतो. मेसेज असा करा: ‘तुमचा हा फोटो आमच्या पेजवर आणि दांडिया बाजारच्या दुकानातल्या बोर्डावर लावू का? नाव तुमचंच देऊ.’ बोर्डाचं वेगळं विचारा, पेजपुरता होकार तिथे चालत नाही. उत्तर जपून ठेवा. फोटोत लहान मूल असेल तर पालकांना विचारल्याशिवाय हात लावू नका. मात्र पोस्टच्या बदल्यात पाव किलोचं पाकीट जरी फुकट दिलंत, तरी ती जाहिरात ठरते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या २०२३ च्या सूचनांत फुकट वस्तूही धरल्या आहेत. मग ‘जाहिरात’ हा शब्द फोटोवरच ठळक हवा, हॅशटॅगच्या गर्दीत नको.