बारा पावलं पुढे पाहूनही ट्रॉली बोळातच का?

प्रश्न: चादरींच्या गोदामातल्या ट्रॉलीचा मार्ग आखणारा प्रोग्रॅम लिहिला आहे. फरशीची चौकोनी घरं पाडली आहेत. ट्रॉली दर वेळी सहा पावलांपर्यंतचे सगळे मार्ग तपासते आणि दार जिथून सर्वांत जवळ वाटेल तिकडे एक घर सरकते. गठ्ठ्यांच्या थप्प्यांमधल्या बंद बोळात मात्र ती पुढे-मागे करत राहते. बारा पावलं केली, तर वेळ प्रचंड लागतो आणि अडकणं तसंच. आणखी किती वाढवू?
— एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर: वाढवू नका. आल्या पावली परतणं वगळलं तरी प्रत्येक घरातून तीन वाटा फुटतात. सहा पावलांना ७२९ मार्ग, बारांना ५,३१,४४१. पण मोकळ्या फरशीवर बारा पावलांच्या आतली घरं, सुरुवातीचं धरून, फक्त ३१३ असतात. पाहिलेल्या घरांची यादी ठेवा; तिथे पूर्वीपेक्षा कमी पावलांत पोहोचत नसाल तर ती वाट सोडा. वेळेचा प्रश्न एवढ्याने मिटेल.

अडकण्याचं कारण वेगळं आहे. तुमच्या अंदाजाला, म्हणजे या घरापासून दार किती पावलं लांब आहे या आकड्याला, थप्पी दिसत नाही. समजा बोळात अ, ब, क ही घरं आहेत, क बंद टोकाला आणि दार त्याच्या पलीकडे. अंदाज ४, ३, २. एकच पाऊल पुढे पाहिलं, तर ट्रॉली क वरून ब वर येते, क चे २ पाहते आणि पुन्हा आत वळते. बोळ लांब असला की बारा पावलांचंही हेच होतं, कारण वळसा पूर्ण होईपर्यंत दार लांबच जाताना दिसतं.

संगणकशास्त्रज्ञ रिचर्ड कॉर्फ यांनी १९९० मध्ये मांडलेली एलआरटीए-स्टार ही चालता चालता अंदाज सुधारत जाणारी शोधपद्धत इथे नेमकी लागू पडते. घर सोडण्याआधी त्याचा अंदाज सुधारा: प्रत्येक शेजारच्या घराचा अंदाज अधिक तिथवरचा खर्च (इथे एक पाऊल, म्हणजे १), यातली लहानात लहान बेरीज, जुन्या आकड्यापेक्षा मोठी असेल तरच लिहा. क चे २ होतात ४. मग ब वर दोन्हीकडून १+४, म्हणून ३ चे ५. ट्रॉली पुन्हा क कडे गेलीच, तर क चे ६ होतात आणि पुढच्या खेपेला अ स्वस्त पडतो. खड्डा असा भरत जातो. सुधारलेल्या अंदाजांचा हा तक्ता दर पावलाला चालणाऱ्या फंक्शनच्या आत तयार करू नका, नाहीतर दर पावलाला कोरा होईल. चूक हमखास इथेच होते.

ट्रॉली गठ्ठे ढकलत असेल तर सावध. कोपऱ्यात गेलेला गठ्ठा मागे ओढता येत नाही, आणि ही पद्धत दारापर्यंत नक्की पोहोचवते ती कुठूनही दार गाठता येत असेल तेव्हाच.

आणि थप्प्या कुठे आहेत हे आधीच ठाऊक असेल, तर १०० बाय १०० च्या गोदामात घरं अवघी १०,०००. ए-स्टार या सर्वांत जवळचा मार्ग शोधणाऱ्या पद्धतीने दारापर्यंतचा पूर्ण मार्ग एकदाच काढा. थप्पी हलली की पुन्हा.