दुपारी रिमोट कुणाच्या हातात असतो

नाशिक

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. दुपारी दीडच्या मालिकेचे संवाद लिहायची विचारणा आली आणि तू खट्टू झालीस. आठ-साडेआठच्या मालिकेत नुसतं सहायक म्हणून घेतलं असतं तरी मी आनंदानं गेले असते, असं लिहिलंस. खाली विचारलंस, ‘‘काकू, दुपारचं बघतं कोण?’’ हे फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र लिहायला बसले.

काम घे. एवढं आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं निवांत वाचशील.

तू लहानाची मोठी झालीस तेव्हा दुपार म्हणजे रिपीट. काल रात्री जेवणं वाढण्यात जो भाग हुकला, तो आज दुपारी बघायचा. चॅनेललाही ते परवडायचं, कारण एकदा चित्रित केलेल्या भागावर पुन्हा जाहिराती मिळत. म्हणून दुपारचं ते शिळं, असं तुझ्या पिढीच्या डोक्यात बसलंय. त्याआधीची दुपार तू पाहिलेली नाहीस. १९८४ साली दूरदर्शनवर ‘हम लोग’ आली, मग ‘बुनियाद’ आली. त्या संध्याकाळ-रात्रीच्या, आठवड्यातल्या ठरावीक वारी लागणाऱ्या. रोज उठून मालिका बघायची सवय या देशाला लावली ती दुपारनं. १९९४ मध्ये ‘शांती’ दुपारी सुरू झाली, पुढच्या वर्षी ‘स्वाभिमान’. मराठीतली पहिली दैनंदिन मालिका ‘दामिनी’, तीही सह्याद्रीवर दुपारीच लागायची. दामिनी झालेली प्रतीक्षा लोणकर घराघरात पोचली ती त्या वेळेला.

आता एक गोष्ट लक्षात घे. शांती पत्रकार होती आणि दामिनीही पत्रकारच. शांती तर आईवर झालेल्या अत्याचाराचा जाब विचारायला बड्या लोकांच्या घरात शिरते. ही बाई दुपारी आली, आणि देशभरच्या बायकांनी तिला रोज घरात घेतलं. पुढे ३ जुलै २००० ला स्टार प्लसवर ‘कौन बनेगा करोडपती’ आणि ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ एकाच रात्री सुरू झाल्या, आणि पैसा, नट, लेखक सगळे रात्रीकडे वळले. मराठीतही अल्फा मराठी १९९९ मध्ये आणि ईटीव्ही मराठी २००० मध्ये आल्यावर संध्याकाळ-रात्रच भरली. ‘चार दिवस सासूचे’ तर तीन हजारांहून जास्त भाग चालली. दुपार मागे पडली. पण रिकामी पडली नाही. स्टार प्लसवरच ‘कुमकुम’ २००२ ते २००९ अशी दुपारी चालत होती. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत तिच्याबद्दल रात्रीच्या मालिकांइतकं कुणी लिहीत नव्हतं, इतकंच.

मला विचारशील तर फरक रिमोटचा आहे. रात्री तो घराचा असतो. सासऱ्यांच्या बातम्या, मुलांचं कार्टून, नवऱ्याची मॅच, यातून जी मालिका वाचते ती सगळ्यांना चालणारी म्हणून वाचते. दुपारी रिमोट एकटीच्या हातात असतो. त्या वेळी ती जे लावते ते तिचं स्वतःचं असतं. म्हणून दुपारच्या प्रेक्षकसंख्येकडे मी जरा जास्तच आदरानं बघते. आकडा लहान असतो, पण त्यातली बहुतेक माणसं दुसऱ्या कुणासोबत नाइलाजानं बसलेली नसतात.

आणि ही माणसं कोण? आपल्या नाशिकपुरतंच बघ. गंगापूर रोडच्या चार सोसायट्यांमधली धुणीभांडी उरकून सिडकोत घरी परतलेली आणि आत्ता कुठे जेवायला बसलेली बाई. सातपूर-अंबडला रात्रपाळी करून, झोप काढून उठलेला कामगार. हो, पुरुषही दुपारचं बघतात, फक्त कबूल करत नाहीत. जुन्या नाशकातल्या वाड्यात दिवसभर एकटी असणारी आजी. बाळंतपणाला माहेरी आलेली मुलगी. दिंडोरी-निफाडकडच्या बायका पावसाळ्यात असतात, पण द्राक्षं उतरायला लागली की जानेवारी ते एप्रिल त्या बागेत किंवा पॅकहाउसला. तुझ्या मालिकेत त्या दिवसांत फार गुंतागुंतीचा ट्रॅक आला, तर यातली कितीतरी घरं तो अर्धवट पकडतील. मुंबईत बसून हे कुणाच्या ध्यानात येत नाही. तू इथली आहेस, तुझ्या आलं पाहिजे.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते सिन्नरच्या एका विडी कामगार बाईनं. तिच्या घरी मी दुपारी बसले होते. मांडीवर सूप, त्यात भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं आणि एका कडेला तंबाखूचा ढीग. पत्र्याचा साचा पानावर ठेवायचा, कात्रीनं पान कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड मुडपायचं. मजुरी हजार विड्यांवर मिळते, त्यामुळे मान वर केली की तेवढं काम मागे पडतं. टीव्ही समोरच्या फळीवर चालू. ती मान कधी वर करते, हेच मी बघत राहिले. नायिका रडली, हिची नजर बोटांवर. कॅमेरा तीनदा तीन चेहऱ्यांवर आपटला, ढणढण संगीत वाजलं, तरी बोटं चालूच. मग मालिकेतली सासू अगदी हळू, साध्या आवाजात म्हणाली, ‘‘तुझ्या माहेरचा फोन होता. मी सांगितलं, झोपलीय ती.’’ हात थांबले. मान वर झाली. जावेकडे बघून म्हणाली, ‘‘ऐकलं का? अशी असती ही.’’

त्या एका क्षणात तुझं सगळं काम आहे. दुपारची प्रेक्षक आधी ऐकते, मग वाटलं तर बघते. दिग्दर्शक चेहऱ्यांच्या प्रतिक्रियांवर दोन मिनिटं खर्च करेल. ती दोन मिनिटं तिच्यापर्यंत पोचतच नाहीत. पोचतं ते तू लिहिलेलं वाक्य. त्यामुळे कोण आलं, कोण गेलं, हे बोलण्यातून कळू दे. माणसं एकमेकांना हाक मारून बोलू देत. आपल्या घरांत तसंही ‘‘अगं सुनंदा’’, ‘‘अहो भावजी’’ असंच चालतं. प्रत्येकाची बोली इतकी वेगळी ठेव की भांडी घासता घासता नुसत्या आवाजावरून आणि शब्दांवरून ओळखू यावं. महत्त्वाची बातमी दोनदा येऊ दे, पण दोन वेगळ्या तोंडांतून आणि दोन वेगळ्या हेतूंनी. तेच वाक्य पुन्हा लिहिलंस तर तिला कळतं की तिला बिनडोक समजतायत, आणि ती दुखावते. तू साईखेडकर नाट्यगृहात एकांकिका करत होतीस तेव्हा शेवटच्या रांगेला ऐकू जायला हवं म्हणून किती जपायचीस! तोच कान इथे लाव. रात्रीच्या मालिकेत सेट, दागिने आणि लग्नाचे सोहळे पुष्कळसं काम करून टाकतात. दुपारी तेवढा पैसा नसतो. एक घर, मोजकी माणसं, आणि संवाद. ज्याला लिहायला शिकायचंय त्याला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

आता आकड्यांचं. दर गुरुवारी सगळे ज्या टीआरपीची वाट बघतात, ते आकडे २०१५ पासून बार्क ही प्रेक्षकसंख्या मोजणारी संस्था देते. निवडक घरांत मीटर बसवलेलं असतं. चॅनेलच्या आवाजात कानाला न जाणवणारी खूण मिसळलेली असते, ती मीटर ओळखतं. घरातल्या प्रत्येकाला स्वतःचं बटण असतं; बघायला बसलं की ते दाबायचं, उठलं की पुन्हा दाबायचं. आणि हिशेब होतो तो मिनिटांचा, सरासरी काढून. अर्ध्या तासातली दहा मिनिटं बघून बाई उठली, तर तिचा वाटा एक तृतीयांश. दुपारी तर सारखं उठणं आलंच, दारावर गॅसवाला, शाळेतून आलेलं पोर, नळाला आलेलं पाणी. रात्री जेवून एकदा बसलेलं घर सहसा हलत नाही. तेव्हा दुपारच्या मालिकेचा १ टीआरपी आणि रात्रीच्या मालिकेचा ५ टीआरपी शेजारी ठेवून कुणी तुला हिणवलं, तर ते मनावर घेऊ नकोस. जाहिरातीचा भाव दहा सेकंदांवर ठरतो आणि रात्री तो कैक पटींनी जास्त असतो, म्हणून रात्रीची मालिका मोठी. हा मोठेपणा जाहिरातीच्या दरपत्रकातला आहे. तू त्यावरून स्वतःच्या लिहिण्याची किंमत करू नकोस, एवढं मी तुला अगदी कळकळीनं सांगते.

तू म्हणतेस, अमेरिकेत तर दुपारच्या मालिका संपल्याच. संपल्या नाहीत, आटल्या. ‘गायडिंग लाइट’ १९३७ मध्ये रेडिओवर सुरू झाली, १९५२ मध्ये टीव्हीवर आली आणि २००९ मध्ये बंद पडली. ‘डेज ऑफ अवर लाइव्ज’ २०२२ मध्ये टीव्ही सोडून ओटीटीवर गेली. बायका नोकरीला बाहेर पडल्या, चॅनेलं वाढली, गप्पांचे कार्यक्रम स्वस्तात होऊ लागले. पण तिथेच ‘जनरल हॉस्पिटल’ १९६३ पासून चालू आहे, आणि १९८१ मध्ये तिच्यातलं ल्यूक आणि लॉराचं लग्न सुमारे तीन कोटी लोकांनी भरदुपारी पाहिलं. रात्रीच्या ‘डॅलस’नं १९७८ पासून जी न संपणारी घराण्याची गोष्ट सांगितली, ती रीत तर दुपारनंच घडवलेली होती. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तिथल्या एका मोठ्या चॅनेलनं दुपारसाठी नवी कोरी मालिका आणलीच.

आपल्याकडचं चित्र सरळ नाही, ते लपवत नाही. स्टार प्लसनं २०१७ च्या एप्रिलमध्ये दुपारसाठी चार नव्या मालिका एकदम आणल्या आणि सहा महिन्यांत तो सगळा पट्टा गुंडाळला. झी मराठीनं २०२३ मध्ये ‘यशोदा’ आणि ‘लवंगी मिरची’ दुपारी आणल्या; दोन्ही त्या वर्षभरातच संपल्या. पण स्टार प्रवाहवर ‘शुभविवाह’ त्याच वर्षी थेट दुपारसाठी सुरू झाली आणि चांगली टिकली, आणि २०२२ मध्ये आलेली ‘मुरांबा’ दुपारी दीडला हलवल्यावर तिथेच रुजली. म्हणजे मराठी प्रेक्षक दुपारी बसायला तयार आहे. मला यात मोठी आशा दिसते. हिंदीला जे जमलं नाही ते मराठीत जमतंय, कारण मराठी मालिका अजून आपल्या घराच्या मापाची असते, असं माझं मत आहे.

तेव्हा होकार द्यायच्या आधी एक शोधून काढ. ही मालिका दुपारसाठीच लिहिली जातेय, की रात्री चालेना म्हणून दुपारी ढकललेली आहे? ढकललेली असेल तर बहुधा ती आटपायचीच तयारी असते, आणि तू जाईपर्यंत गोष्टीतला जीव गेलेला असेल. तसं असलं तर माझा सल्ला मागे घेते, जाऊ नकोस. दुसरं, भागांची बँक, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेले भाग, किती आहे ते विचार. बँक नसेल तर संध्याकाळी सीन हातात येतील आणि सकाळच्या शिफ्टला संवाद हवे असतील. असं लिहिणं काही दिवस जमतं. महिनोन्‌महिने केलं की भाषा झिजते, सगळी पात्रं एकसारखी बोलायला लागतात. आठवड्यातून एक दिवस तरी लिहायचं नाही, हे आधीच बोलून घे. नाशिकहून काम करता येईल असं ते म्हणत असले तरी सुरुवातीला पंचवटी एक्सप्रेसनं मुंबईला जाऊन सेटवर बस. कुठल्या नटाच्या तोंडात कुठले शब्द बसतात, कोण लांब वाक्य पेलतं, कोण अडखळतं, हे घरी बसून कळत नाही.

पैसे भागागणिक ठरतील आणि हातात यायला प्रसारणानंतर नव्वद दिवस लागतात, असा या धंद्यातला रिवाज आहे. घरच्यांना आधी सांगून ठेव, म्हणजे पहिले तीन महिने टोमणे ऐकावे लागणार नाहीत. मानाचि, म्हणजे मालिका-नाटक-चित्रपट लेखकांच्या संघटनेची सभासद हो. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्येही नाव घाल. श्रेयनामावलीत नाव कुठे आणि कसं येणार, हे करारात लिहून घे. ‘‘देऊ हो नंतर’’ यावर विसंबू नकोस. मालिका रात्री हलवली तर मानधन वाढेल का, तेही आत्ताच विचार. असं विचारलं की समोरचे जरा चमकतात, पण तुला गांभीर्यानं घ्यायलाही लागतात.

करार आला की सही करण्याआधी मला पाठव. आणि पहिल्या आठवड्याचे सीन लिहून झाले की फोन कर, वाचून दाखव. मी भाजी निवडत ऐकेन. जिथे माझे हात थांबणार नाहीत तिथे खूण करून ठेवू.

आईला नमस्कार सांग.

तुझी,
काकू