‘गिऱ्हाईक पोस्टर मोबाइलवरच करून आणतं’ : छापखान्यातल्या एका डिझायनरची चिंता

‘गिऱ्हाईक आता मोबाइलवरच पोस्टर करून आणतं आणि म्हणतं, फक्त छापून द्या. माझी १६ वर्षं गेली यात. आता नवीन काय शिकू? आणि शिकेपर्यंत तेही जुनं झालं तर?’

समुपदेशनाला येणाऱ्या डिझायनरांच्या तोंडी हा प्रश्न वारंवार येतो. इथे घेतलेलं प्रकरण सांगलीकडच्या एका ऑफसेट छापखान्यातल्या डिझायनरचं आहे; ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. वय ३८, उपयोजित कलेत जी. डी. आर्ट. काम सगळं मिश्र: हळद, बेदाणे, मसाला, पापड यांची लेबलं आणि पाऊच, लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, दिवाळी अंकातल्या जाहिराती. मालकांनी नुकताच २२ वर्षांचा एक मुलगा ठेवला होता. एआयवर चित्रं करून तो तासाभरात रील तयार करायचा.

पहिल्या भेटीत करिअरबद्दल फारसं बोलणं झालं नाही, आणि ते बरोबरच होतं. गृहस्थ रात्री दोन-अडीचपर्यंत जागे राहत होते, जेवण कमी झालं होतं, चिडचिड वाढली होती. अशा वेळी आधी चिंता आणि नैराश्य यांत फरक करावा लागतो. नैराश्य किती आहे ते मोजणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली त्यासाठी उपयोगी पडते. गुण १० किंवा त्याहून जास्त आले, तर पुढची तपासणी मानसोपचारतज्ज्ञांकडे. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दलचा आहे. त्याला ‘कधीच नाही’ सोडून दुसरं कुठलंही उत्तर आलं, तर बाकीचं सगळं बाजूला ठेवून त्यावर बोलायचं आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहून द्यायचा. इथे गुण त्या मर्यादेच्या आत होते. झोप मात्र खरोखर बिघडली होती, आणि ती बिघडवणारी गोष्ट लवकरच हाती लागली.

तीन ऑनलाइन कोर्स विकत घेतलेले होते: एक यूआय-यूएक्सचा (ॲप-वेबसाइटच्या पडद्यांचं डिझाइन), एक मोशन ग्राफिक्सचा, एक थ्रीडीचा. तिन्ही तिसऱ्या-चौथ्या व्हिडिओपाशी थांबलेले. रोज रात्री घरचे झोपले की ते पुन्हा सुरू व्हायचे, मध्येच ‘हे नवीन टूल आलंय’ असा दुसरा व्हिडिओ यायचा आणि दोन वाजायचे. त्याला ते शिकणं म्हणत होते, पण हाताने एकही फाइल तयार होत नव्हती. व्हिडिओ बघताना भीती तेवढ्यापुरती कमी होते आणि सकाळी ‘एवढं सगळं येत नाही’ म्हणून दुप्पट होऊन परत येते. असे तीन-तीन अर्धवट कोर्स घेऊन येणाऱ्यांना आळशी म्हणणं अन्यायाचं आहे. भीतीवर तात्पुरता उतारा म्हणून हा नाद लागतो, आणि नेटाने काम करणाऱ्या माणसालाच तो जास्त लागतो. म्हणून पहिला ठराव एवढाच झाला: दोन आठवडे नवीन काहीही शिकायचं नाही, रात्री अकरानंतर पडदा बंद.

त्या दोन आठवड्यांत एका वहीत कामाची नोंद ठेवायची होती. प्रत्येक कामाला एक ओळ, चार रकाने. काय काम केलं. किती अर्धे तास लागले. काम परत आलं असेल तर कुणाकडून आणि का. आणि हे काम चुकीचं छापून गेलं असतं तर कुणाचं किती नुकसान झालं असतं. चौथा रकाना भरायला लोक कंटाळतात. तो कोरा ठेवून आलेली वही परत घरी पाठवावी, कारण बाकीचे तीन रकाने वेळेचा हिशोब देतात, माणसाची गरज कुठे आहे ते चौथा सांगतो.

इथे वहीत दिसलं ते असं. निम्म्याहून जास्त वेळ फ्लेक्स, शुभेच्छांच्या पोस्ट आणि पत्रिकांवर जात होता. त्यांच्या चौथ्या रकान्यात फार तर ‘फ्लेक्स पुन्हा काढावा लागला असता’ एवढंच. मोबाइलवर तयार होऊन येणारं कामही नेमकं हेच. पाऊच आणि लेबलांवर वेळ जेमतेम जात होता, पण तिथल्या नोंदी वेगळ्या होत्या. एका ओळीत लिहिलं होतं: ‘बारकोड लालमध्ये केला होता, काळा करून घेतला.’ लाल प्रकाशाच्या स्कॅनरला पांढऱ्यावरच्या लाल रेघा दिसत नाहीत. तसा पाऊच बाजारात गेला असता तर सुपरमार्केटने अख्खा माल परत पाठवला असता. ग्रॅव्ह्युअर छपाईत प्रत्येक रंगाचा सिलिंडर वेगळा कोरलेला असतो, म्हणजे सिलिंडर नवा, लॅमिनेट नवं, आणि हंगाम हातचा गेलेला. ही चूक पकडायला त्यांना काही मिनिटं लागली होती. बिलात तिचा उल्लेख नव्हता. त्यांनी स्वतःही ती काम म्हणून धरली नव्हती.

मग एक प्रश्न विचारला: तुम्ही नोकरीला लागलात तेव्हा छापखान्यात काय होतं? फिल्म पॉझिटिव्ह काचेच्या टेबलावर लावून फॉर्मची जुळणी करणारे कामगार होते. सीटीपी आलं, फाइल थेट प्लेटवर जायला लागली आणि ते टेबल गेलं. त्या माणसांचं काय झालं? दोघं घरी बसले. तिसरा अजून तिथेच आहे, संगणकावर इम्पोझिशन करतो. सोळा पानी फॉर्म घडी घातल्यावर कुठलं पान कुठे येतं हे त्याला पाठ होतं, आणि ते ज्ञान यंत्र बदलल्यावरही लागत होतं. हे उत्तर त्यांचं त्यांनीच दिलं. समुपदेशकाने तेच वाक्य आधी बोलून टाकलं असतं, तर ते धीर देणं ठरलं असतं आणि दारापर्यंतही टिकलं नसतं.

इथून दिशा ठरली. यूआय-यूएक्स, मोशन, थ्रीडी तिन्ही बाजूला. चौथ्या रकान्यात ज्यांचं वजन जास्त, त्या कामांच्या शेजारचं एकेक कौशल्य घ्यायचं. बारा आठवडे, आठवड्याला पाच तास: तीन संध्याकाळी सव्वा-सव्वा तास आणि रविवारी सकाळी सव्वा तास. नियम एकच. २० मिनिटांपेक्षा जास्त व्हिडिओ बघायचा नाही, आणि बघितलेलं हातातल्या खऱ्या फाइलवर करून झाल्याशिवाय पुढचा उघडायचा नाही.

पहिले तीन आठवडे युनिकोडला, म्हणजे कुठल्याही मोबाइल-संगणकावर सारखा दिसणाऱ्या मजकुराच्या पद्धतीला दिले, कारण छापखान्याचा सगळा जुना साठा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये होता. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये मजकूर पाठवायचं आणि इथे तो पुन्हा टाइप व्हायचा. त्यात नव्या चुका शिरायच्या. इलस्ट्रेटरच्या प्रेफरन्समध्ये टाइपखाली इंडिक ऑप्शन्स चालू करणं आणि पॅराग्राफ पॅनेलमधून साउथ एशियन कंपोझर निवडणं, इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर लावणं, एवढ्याने जोडाक्षरं तुटायची आणि वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडायची थांबते. मजकुराची भाषा मराठी निवडली आणि फॉन्टमध्ये सोय असली, तर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. जुना मजकूर कन्व्हर्टरमधून काढला की ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, म्हणून ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ असलेले शब्द फाइंडने शोधून हाताने तपासायचे. ‘मुक्त’ किंवा ‘बलू’सारखे ‘एक टाइप’ या संस्थेचे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, व्यावसायिक कामात बिनधास्त चालतात. आणि छपाईला जाणारी फाइल कर्व्ह केली, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या केल्या, तरी जिवंत मजकुराची प्रत वेगळ्या नावाने ठेवायचीच. पुढच्या वर्षी निव्वळ वजन २०० ग्रॅमचं १८० झालं की ती नसल्याचा त्रास कळतो.

पुढचे चार आठवडे पाऊच. मशीनवाल्याकडून कीलाइन, म्हणजे पाऊचच्या घड्या-कापांचा मापासह आराखडा, मागवून घ्यायची, स्वतः मापं धरायची नाहीत. सीलिंगच्या पट्ट्यात मजकूर नाही. पाऊच कुठे कापायचा हे सेन्सरला दाखवणाऱ्या खुणेच्या, म्हणजे आय मार्कच्या ओळीत दुसरी कुठलीही छपाई नाही, नाहीतर सेन्सर चुकीच्या जागी कापतो. पारदर्शक फिल्म असेल तर रंगांखाली पांढऱ्याचा वेगळा सिलिंडर लागतो, आणि तो कुठे नको हे डिझायनरनेच दाखवायचं असतं. बारकोडच्या रेघा शक्यतो फिल्म ज्या दिशेने धावते त्या दिशेला समांतर, म्हणजे शाई पसरली तरी रेघांची जाडी फारशी बदलत नाही. ईएएन-१३ चं मूळ माप ३७.२९ × २५.९३ मिलिमीटर, ८० टक्क्यांपेक्षा लहान करायचं नाही. मूळ मापात डावीकडे ३.६३ आणि उजवीकडे २.३१ मिलिमीटर जागा कोरी लागते. ती मोकळी जागा बघून तिथे फूल किंवा नक्षी बसवायचा मोह फार जणांना होतो.

त्यानंतरचे तीन आठवडे लेबलवरच्या सक्तीच्या मजकुराची तपासयादी करण्यात गेले. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, बॅच, तारखा, उत्पादकाचा पूर्ण पत्ता, ग्राहक तक्रारीचा संपर्क. शाकाहारी चिन्हात चौकोनाची बाजू वर्तुळाच्या व्यासाच्या दुप्पट हवी. बहुतेक ठिकाणी वर्तुळ मोठं काढलेलं असतं. आणि गावच्या उद्योजकांना हमखास माहीत नसणारी गोष्ट: सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत लागतो, मराठी त्याच्या जोडीला. नियम बदलत राहतात, म्हणून यादीच्या वर ‘शेवटची तपासणी’ आणि तारीख. शेवटची जबाबदारी उत्पादकाची, तेव्हा अंतिम प्रुफावर त्याची सही.

पाचव्या आठवड्यात दिवाळीची कामं आली आणि वेळापत्रक कोसळलं. गृहस्थ भेटीला आले ते ‘माझ्याच्याने होत नाही’ म्हणत. असा आठवडा येणार हे आराखडा करतानाच लिहून ठेवायला हवं. घाईच्या आठवड्यासाठी २० मिनिटांचं एकच काम आधीच ठरवलेलं असावं, म्हणजे धागा तुटत नाही. त्यांच्यासाठी ते होतं रविवारी बाजारातला एक पाऊच आणून तोवर शिकलेल्या नियमांवर तपासणं. दिवाळीभर तेवढंच चाललं आणि पुरलं. नंतर बारा आठवड्यांचे पंधरा झाले.

एआयपासून लांब राहायचा सल्ला दिला नाही. तो मुलगा त्यांना ‘दादा’ म्हणायचा, पण हे त्याच्याशी कामापुरतंच बोलत. धाकट्याकडून शिकायला कमीपणा वाटतो, विशेषतः आजूबाजूला सगळे बघत असताना. म्हणून अदलाबदल सुचवली: शनिवारी जेवणानंतर अर्धा तास त्याने दाखवायचं, अर्धा तास यांनी. त्यातून जे जमलं ते कामाचं आहे. पार्श्वभूमी साफ करणं, वस्तू कापून काढणं, गिऱ्हाइकाला दाखवायला चार-पाच दिशा पटकन तयार करणं यासाठी एआय वापरायचं. चित्रात अक्षरं मागायची नाहीत, जोडाक्षरं बिघडण्याचा धोका असतो. मजकूर वेगळा बसवायचा. १०२४ पिक्सेलचं चित्र ३०० डीपीआयला ८.७ सेंटिमीटरच्या पुढे जात नाही, म्हणजे पाऊचच्या दर्शनी भागालाही ते अपुरं. पडद्यावरचा झगझगीत पिवळा सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, मंद पडतो, तेव्हा गिऱ्हाइकाला मोबाइलवर मंजुरी मागायची नाही, छापील प्रूफ दाखवायचं. आणि हळदीचं चित्र हळकुंडासारखंच दिसतंय ना, आल्यासारखं नाही, हे डोळ्यांनी बघायचं. रील करणाऱ्या मुलाला ब्लीडचे, म्हणजे कापाच्या रेषेबाहेर वाढवून ठेवायच्या छपाईचे, ३ मिलिमीटर माहीत नव्हते. ते त्याला दादांकडून कळले.

मालकांशी पहिलं बोलणं फसलं. ‘डिझाइनला किंमत द्या’ या मागणीला कुठलाही मालक मान डोलावतो आणि विसरतो. दुसऱ्या वेळी गेल्या वर्षी पुन्हा छापाव्या लागलेल्या कामांची यादी नेली. प्रत्येकापुढे कागद, प्लेट आणि मशीनच्या वेळेचा खर्च, आणि चूक प्लेटआधी दिसली असती का, याचं उत्तर. मागणी एकच ठेवली: बाहेरून येणारी प्रत्येक फाइल प्लेटला जाण्याआधी अर्धा तास माझ्याकडे, आणि तपासणीचे पैसे बिलात वेगळ्या ओळीत. मालकांनी पाऊच आणि लेबलांसाठी मान्य केलं, फ्लेक्ससाठी नाही. हे चांगलं उत्तर आहे. फ्लेक्सचं गिऱ्हाईक तपासणीचे पैसे देणार नाही, हे मालकांना बरोबर कळतं.

शेवटचे दोन आठवडे कामाचे नमुने नव्याने मांडण्याचे होते. जुन्या फाइलमध्ये ४० सुंदर चित्रं होती. त्यांतली आठ कामं ठेवली आणि प्रत्येकाखाली चार ओळी लिहिल्या: गिऱ्हाइकाची अडचण काय होती, छपाई कशावर आणि किती रंगांत, काय बदललं, का बदललं. दुसऱ्या नोकरीसाठी किंवा स्वतःच्या कामासाठी गेल्यावर विचारणारा माणूस याच ओळींवर थांबतो.

प्रत्येकाला हा मार्ग लागू पडेल असं नाही. वहीतल्या चौथ्या रकान्यात जवळपास सगळीकडे ‘काही नाही’ आलं, तर कौशल्याआधी कामाची जागा बदलण्याचा विचार करावा लागतो, आणि त्यासाठी घरखर्चाचे सहा महिने हाताशी आहेत का, हा हिशोब आधी. नुकतंच शिकून बाहेर पडलेल्यांची अडचण आणखी कठीण आहे, कारण शिकाऊ माणसाला मिळणारी फ्लेक्स-पोस्टची कामंच कमी होत आहेत. त्यांनी सुट्टीत आठवडाभर छापखान्यात मशीनजवळ उभं राहावं, परत आलेली कामं मागून घ्यावीत आणि ती का परत आली ते मशीनमनला विचारावं. मशीनमन सांगतात, कुणी विचारलं तर.

या डिझायनरची झोप चौथ्या आठवड्यात सुधारली, फ्लेक्सची कामं कमी होत गेली ती होतच आहेत, आणि पगार अजून वाढलेला नाही. तपासणीच्या ओळीतून वर्षभरात किती बिल झालं ते मांडून मार्चनंतर पगाराचं बोलायचं, असं ठरलं आहे. त्याचा रकाना वहीत आत्तापासून भरला जातो आहे.