मजबूत आणि आनंदी टीम घडवायला कोणते गुण लागतात?

तुम्ही म्हणताय, पहिल्यांदाच टीम हाताखाली आली आहे, तर माणसांत काय बघावं. संवाद, विश्वास, वेळ पाळणं हे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही. मी एकाच गुणाबद्दल लिहितो, कारण त्यापायी माझं एका साहेबांशी कायमचं वाजलं. वाईट बातमी वेळेवर आणि तोंडावर सांगणारा माणूस टीममध्ये हवा. आणि ती ऐकून न भडकणारा लीड.

आमची सॉफ्टवेअर सपोर्टची टीम शिफ्टमध्ये चालायची. त्यात एक सहकारी होता, एकदम अबोल. सहलीला यायचा नाही, ग्रुपवर साधा अंगठासुद्धा द्यायचा नाही. पण त्याची हँडओव्हरची नोंद वाचली की पुढची शिफ्ट निर्धास्त. 'रात्रीचा जॉब अडकला. दोनदा रीस्टार्ट केला, उपयोग नाही. तिसऱ्यांदा करत बसू नका, आधी डिस्क बघा, भरत आलीय. क्लायंटला मेल टाकलाय, उत्तर नाही.' बस. बाकीच्यांच्या नोंदीत 'ऑल ओके' असायचं, आणि सकाळी फोन सुरू.

एका रिलीजच्या, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती सोडण्याच्या मीटिंगमध्ये रोलबॅकचा, म्हणजे बिघडलं तर जुन्या आवृत्तीवर परत जाण्याचा विषय निघाला. तो म्हणाला, "रोलबॅक कोणीच करून बघितलेला नाही. शुक्रवारी सोडू नका." साहेब म्हणाले, "तू आधी पॉझिटिव्ह विचार करायला शीक." सगळे हसले. रिलीज शुक्रवारीच गेलं, फसलं, रोलबॅकही मध्येच अडकला आणि सगळ्यांचा शनिवार-रविवार ऑफिसात गेला. निस्तरायला शेवटपर्यंत तोच बसला होता. अप्रेझलमध्ये त्याला शेरा मिळाला: 'टीम प्लेअर नाही.'

माझा तसा काही संबंध नव्हता, तरी मी केबिनमध्ये जाऊन भांडलो. हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांचा अभ्यास सांगितला. १९९० च्या दशकात त्यांनी हॉस्पिटलांमधल्या टीम बघितल्या, औषधं देताना किती चुका होतात ते तपासलं. चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील अशी अपेक्षा होती, निघाल्या जास्त! उलगडा असा झाला, की तिथे लोक चुका बोलून दाखवत होते, इतर ठिकाणी त्या झाकल्या जात होत्या. १९९९ च्या शोधनिबंधात त्यांनी टीममधल्या या निर्भयपणावर 'सायकॉलॉजिकल सेफ्टी' या नावाने लिहिलं. पुढे गूगलने स्वतःच्या टीमचा अभ्यास केला, तेव्हा हीच गोष्ट सगळ्यात वर आली.

साहेब म्हणाले, "आपलं हॉस्पिटल नाहीये."

मग मी स्पेनच्या टेनेरीफ बेटावरचा विमान अपघात काढला. १९७७ साली तिथल्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं आदळली, ५८३ माणसं गेली. टेकऑफसाठी विमान धावू लागलेलं असताना फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं, की समोरचं विमान अजून बाजूला झालेलं नाही का? कॅप्टनने ठासून सांगितलं, झालंय. इंजिनिअर पुढे काही बोलला नाही. अशा अपघातांनंतरच कनिष्ठाने कसं बोलावं आणि कॅप्टनने कसं ऐकावं, याचं वैमानिकांना रीतसर प्रशिक्षण सुरू झालं.

"आपलं विमानही नाहीये," साहेब म्हणाले.

यथावकाश त्या सहकाऱ्याने राजीनामा दिला. नोंदवहीत 'ऑल ओके'च उरलं. टीम आनंदी होती म्हणे, सहलीचे फोटो आहेत ना पुराव्याला.

तर तुम्ही काय करायचं? रिलीज असो नाहीतर कुठलंही काम, तारीख ठरवण्याआधी प्रत्येकाला विचारा, 'हे कशाने फसेल?' सगळ्यात नवख्यापासून सुरुवात करा, तुम्ही शेवटी बोला. लीड आधी बोलला की बाकीचे माना डोलावतात. कोणी अडचण सांगितली तर पहिला प्रश्न 'कोणी केलं?' असा नको, 'कधी लक्षात आलं, आत्ता काय हवंय?' असा विचारा. लोक तुमचं भाषण विसरतात, पण पहिली वाईट बातमी आली तेव्हा तुमचा चेहरा कसा झाला होता ते विसरत नाहीत. आणि कोण किती हसतो-खिदळतो यावरून कोणाला मार्क देऊ नका. सहली जरूर काढा, फक्त हजेरी मांडू नका.

हो, एक राहिलं. प्रत्येक कुरकुऱ्या माणूस असा हिरा नसतो. नुसतं 'हे होणार नाही' म्हणून पाय पसरणारेही भरपूर असतात. फरक ओळखायला सोपं आहे: आपण काय तपासलं आणि काय तपासायचं राहिलंय, हे त्याला सांगता येतं का बघा. आणि न घाबरता बोलता येणं म्हणजे काम कसंही केलं तरी चालतं, असं नाही. ढिसाळ कामाबद्दल तुम्हालाही स्पष्ट बोलावंच लागेल, फक्त चारचौघांत नको.

मजबूत टीमबद्दल अजून बरंच लिहिता येईल, कामाची वाटणी, श्रेय वगैरे. ते दुसरं कोणी लिहील. आणि साहेब, तुम्ही हे वाचत असाल तर त्या मीटिंगचे मिनिट्स मीच लिहिले होते. रोलबॅकबद्दल कोण काय बोललं, ते त्यात शब्दन् शब्द आहे.