वाचकांचे प्रश्न: सोडियम जुळतो, क्लोरीन जुळत नाही

प्रश्न: सोडियम कार्बोनेट आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचे समीकरण काही केल्या संतुलित होत नाही. मिठाच्या सूत्रात क्लोरीनखाली २ लिहिले तर चालेल का?

उत्तर: नाही. सूत्रातला खालचा अंक बदलला की पदार्थच बदलतो. बदलायचा तो फक्त सूत्राआधीचा सहगुणक.

या अभिक्रियेत सोडियम क्लोराइड (म्हणजे मीठ), पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. सुरुवात सोडियमपासून करा. सोडियम कार्बोनेटमध्ये त्याचे २ अणू आहेत, म्हणून उजवीकडे २ सोडियम क्लोराइड. आता क्लोरीन २ झाले, तेव्हा डावीकडे २ हायड्रोक्लोरिक आम्ल. हायड्रोजनही २ झाले; ते १ पाण्यात जातात. कार्बन १, कार्बन डायऑक्साइड १. ऑक्सिजन शेवटी मोजा: डावीकडे ३, उजवीकडे पाण्यातला १ आणि वायूतले २. जुळले.

कार्बोनेट (१ कार्बन आणि ३ ऑक्सिजन) हा एकच गट धरून मोजायची सोय इथे चालत नाही, कारण तो आम्लात फुटतो. कॅल्शियम क्लोराइडबरोबरच्या अभिक्रियेत मात्र तो अखंड राहतो, तिथे खुशाल गट म्हणून मोजा.

सोडियम बायकार्बोनेट तापवल्यावर: २ सोडियम बायकार्बोनेट → सोडियम कार्बोनेट + पाणी + कार्बन डायऑक्साइड. ताळा वस्तुमानाने घ्या: १६८ ग्रॅममधून १०६, १८ आणि ४४ ग्रॅम.

सोडियम आणि पाण्याच्या समीकरणात बहुतेक जण हायड्रोजन एकेरी अणू म्हणून लिहितात आणि तिथेच फसतात. तो वायू द्विअणू आहे, म्हणजे त्याच्या एका रेणूत दोन अणू असतात, म्हणून २ सोडियम + २ पाणी → २ सोडियम हायड्रॉक्साइड + १ हायड्रोजन रेणू.